नळ पहाटे चारला यायचा

सुनेनं फोनवरून पैसे भरले आणि मग मला सांगितलं. ‘आई, रविवारी सकाळी साडेसहाला काळाराम मंदिराच्या पूर्व दरवाजापाशी जायचं. तीन तासांत जुनं नाशिक दाखवतात. माहिती सांगणारा मुलगा चांगला आहे म्हणे.’ माणशी तीनशे रुपये. मी म्हटलं, अगं, तेहेतीस वर्षं मी त्या जुन्या नाशकात काढली, उलट त्यांनीच मला तीनशे रुपये द्यायला हवेत. ती हसली. पण पैसे परत मिळणार नव्हते, आणि फुकट गेलेल्या पैशांनी मला झोप लागत नाही. म्हणून गेले.

इंदिरानगरातून तिकडे जायचं झालं की आम्ही अजूनही ‘गावात जाऊन येते’ म्हणतो. १९८३ साली सिन्नरहून लग्न होऊन मी तिवंध्याजवळच्या वाड्यात आले आणि २०१६च्या पावसाळ्यात मागची भिंत बसली तेव्हा बाहेर पडले. त्यानंतर गावात जाणं म्हणजे भांडीबाजारात आहेराचं भांडं, सराफात कानातल्याची फिरकी बदलून घेणं, काम झालं की रिक्षा. गल्लीत वळायचं नाही, हे मी कधी ठरवलं नव्हतं. वळत मात्र नव्हते.

चौदा जण जमलो होतो. दोन आर्किटेक्चरच्या मुली, पुण्याहून आलेलं एक आयटीतलं जोडपं, मोठा कॅमेरा घेतलेले एक निवृत्त गृहस्थ, बाकी असेच. सांगणारा मुलगा पंचविशीचा, पाठीवर सॅक, गळ्यात छोटा स्पीकर. मला त्यानं आधी ‘मॅडम’ म्हटलं. ‘मी इथलीच’ म्हटल्यावर ‘काकू’ म्हणायला लागला आणि थोडा घाबरलाही. शाळा तपासायला साहेब आल्यावर मास्तर घाबरतात तसा.

सुरुवात त्यानं अपेक्षेप्रमाणे केली. सरदार ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या शेवटी बांधलेलं मंदिर, काळा पाषाण, काळी मूर्ती म्हणून काळाराम. मी मान डोलावत होते. मग तो दरवाजाकडे पाठ करून उभा राहिला आणि म्हणाला, आता जरा हा दरवाजा बंद आहे अशी कल्पना करा.

२ मार्च १९३०. गांधीजी दांडीला निघाले ते १२ मार्चला, म्हणजे त्याच्या दहा दिवस आधी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं मिरवणुकीनं या मंदिराकडे आली, तेव्हा सगळे दरवाजे बंद केलेले होते. त्या वर्षी चैत्रातल्या रथाला कोणी हात लावायचा यावरून दगडफेक झाली. सत्याग्रह पुढे काही वर्षं चालला आणि दरवाजा काही उघडला नाही. १३ ऑक्टोबर १९३५ला याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केलं, की आपण हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही.

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पुस्तकात होतं, मुलांना पाठही करून घेतलं होतं. पण रामनवमीला याच दरवाजातून नैवेद्याचं ताट घेऊन मी कितीदा आत गेले असेन, आणि उंबऱ्यावर पाय ठेवताना ते एकदाही आठवलं नव्हतं. आमचे सासरे १९२२चे. तेव्हा आठ वर्षांचे असणार. रथाच्या किती गोष्टी ते सांगत! रामाचा रथ गंगा ओलांडत नाही, गरुडरथ मात्र गावात येतो. पुजारीबुवा रथाकडे तोंड करून उलटे चालतात. कोणत्या साली दोर तुटला, कोणत्या साली गर्दीत कोणाचं काय हरवलं. सगळं तोंडपाठ. दगडफेकीचं एक अक्षर नाही. आठ वर्षांच्या मुलाला गल्लीत काय चाललंय ते कळतं. न कळलं तर तो विचारतो. त्यांनी विचारलं असेल आणि कोणीतरी ‘गप बस’ म्हटलं असेल, असं मला आता वाटतं.

गंगेवर आलो. नाशिककर गोदावरीला गोदावरी फक्त अर्जात लिहितात, बोलताना गंगाच. रामकुंडाशी नेहमीची सकाळ होती. दशक्रिया, ओले पंचे, पिंडाकडे बघणारे कावळे आणि कावळ्यांकडे बघणारे नातेवाईक. आयटीतल्या मुलाचं मूळ गाव अमरावतीकडचं. त्याला एका तीर्थोपाध्यांकडे नेलं. त्यांनी गाव विचारलं, आडनाव विचारलं आणि लाल कापडातली लांबट वही काढली. या वह्यांमध्ये यात्रेला आलेल्या घराण्यांच्या नोंदी असतात: कोण आला, कोणाचा मुलगा, कोणाचा नातू, बरोबर कोण कोण होतं. जुनी पानं मोडी लिपीत. पाच-सात मिनिटांत त्याचे पणजोबा सापडले. मुलगा नुसता बघत राहिला. एवढा वेळ फोनमध्ये डोकं होतं त्याचं. बायकोनं विचारलं, ‘पणजीचं नाव आहे का?’ गुरुजींनी बोट सरकवत नेलं आणि म्हणाले, ‘सहकुटुंब, असं आहे.’

पुढे नारोशंकराचं देऊळ. १७४७चं. चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसई घेतली त्या विजयाची आठवण असलेली पोर्तुगीज घंटा तिथे टांगलेली आहे. मोठमोठ्यानं बोलणाऱ्या बाईला आमच्या सासूबाई ‘नारोशंकराची घंटा’ म्हणायच्या. ही पदवी मला लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात मिळाली, त्यामुळे त्या घंटेबद्दल मला आपलेपणा आहे. दुतोंड्या मारुतीपाशी मुलगा पूर मोजायची पद्धत सांगू लागला. मारुतीच्या कमरेला पाणी, छातीला पाणी, गळ्याला पाणी. इतकी अचूक मोजपट्टी कुठल्याही खात्याकडे नसेल. १९६९चा पूर सासरे सांगायचे, २०१६चा मी पाहिला.

रामसेतूवरून गावाच्या बाजूला आलो की भांडीबाजार. इथून मी मनानं पुढे चालायला लागले. तांबट लेनमध्ये एके काळी सकाळी सातला ठोके सुरू व्हायचे. पत्रा गोल करून, डाग देऊन भांडं तयार झालं की त्यावर मठारकाम. लाकडी मेखेवर लोखंडी खुरा, त्यावर भांडं फिरवत एकसारखे ठोके. एक ठोका चुकला तर सगळ्या ओळीचा तोल जातो. माझी मुलं त्या ठकठकीत झोपायची आणि रविवारी ठोके बंद असले की उठून बसायची. आता तीन-चार ठिकाणीच आवाज होता. एका दुकानाच्या ओट्यावर बसलेल्या वयस्क तांबटांनी आमच्याकडे पाहिलं, कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि हातोडी खाली ठेवली. कॅमेरेवाले गृहस्थ म्हणाले, ‘नाही नाही, तुम्ही काम चालू ठेवा.’ ते म्हणाले, ‘काम झालंय. आता चहा.’

मला फार बरं वाटलं.

कॅमेरा पुढे गेल्यावर मी त्यांना विचारलं, मोड घेता का अजून? घेतो म्हणाले. घरात माहेरचं एक तांब्याचं घंगाळ पडून आहे, बुडाला भोक आहे. ‘मोडीत घालू नका, बूड बदलून देतो,’ म्हणाले. ‘सिंहस्थ येतोय. सध्या गंगाजळीचे गडूच करतोय सगळे, पण तुमचं करून देईन.’ २०२७चा सिंहस्थ नाशकात आतापासून सगळ्यांच्या बोलण्यात आहे. कोणी रस्त्याबद्दल बोलतं, कोणी जागेच्या भावाबद्दल. गडूबद्दल बोलणारे हे पहिलेच भेटले.

सरकारवाडा बाहेरून पाहिला. पेशव्यांचा वाडा, पुढे इंग्रजांची कचेरी. १८४० साली स्थापन झालेलं सार्वजनिक वाचनालयही एके काळी त्यात होतं. सराफ बाजार अजून उघडायचा होता. दहीपुलाशी मुलानं विचारलं, इथे पूल कुठे आहे सांगा बघू. कोणाला सांगता येईना. पूल पायाखालीच आहे, सरस्वती नाल्यावरचा. नाला झाकला, वर दुकानं आली, नाव तेवढं राहिलं. जोराचा पाऊस झाला की सरस्वती आपण अजून इथेच आहोत हे सराफांना आठवण करून देते. त्या दिवशी दुकानदार सोन्याआधी पादत्राणं वर उचलून ठेवतात, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

मग तिवंधा.

इथे पुन्हा पायाखालच्या गोष्टीची पाळी होती. चौकात डांबराखाली रहाड आहे. पेशवाईपासून चालत आलेले दगडी बांधणीचे हे हौद नाशकात मोजकेच. वर्षभर वर फळ्या आणि माती, त्यावरून रिक्षा आणि हातगाड्या. रंगपंचमीच्या आधी उकरून काढायचे, साफ करायचे, फुलं-पानं उकळून रंग करायचा. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. आमचा पिवळा. मानकऱ्यांची पूजा झाली की पोरं वरून उडी घेतात. त्या उडीला धप्पा म्हणतात. बसला की शेजारच्या भिंतीपर्यंत रंग उडतो, आणि अंगावरचा रंग दोन-तीन दिवस साबणाला दाद देत नाही. आर्किटेक्चरच्या मुलींनी मला विचारलं, ‘काकू, तुम्ही किती वेळा मारला धप्पा?’ एकदाही नाही. आम्ही बायका गच्चीतून बघायचो आणि संध्याकाळी पिवळे कपडे धुवायचो. तेहेतीस वर्षं ती रहाड माझ्या दारापासून साठ पावलांवर होती आणि तिची खोली मला आज त्या मुलाकडून कळली. पुरुषभर तर नक्कीच, तो म्हणाला.

आमचा वाडा आता नाही. त्या जागी पत्रे लावलेत, आत स्कूटर उभ्या असतात. यावर मला फार लिहायचं नाही. सहा भावंडं, सतरा हिस्से, चार भाडेकरू आणि त्यातल्या एकाचं भाडं महिना अठरा रुपये. ज्यांनी असं काही पाहिलंय त्यांना एवढ्यावरून कळेल. दर मे महिन्यात दारावर धोकादायक इमारतीची नोटीस लागायची, आम्ही ती देवघरात ठेवायचो.

मुलगा आम्हाला शेजारच्या, अजून उभ्या असलेल्या वाड्यात घेऊन गेला. मालकांची परवानगी होती. देवडी, चौक, चौकात तुळस, भोवती ओसरी, सागवानी खांब, खांबाच्या माथ्यावर केळफूल, वर तक्तपोशी, म्हणजे फळ्यांचं छत. मुलगा रंगात आला होता. चौकामुळे हवा खेळती राहते, जाड भिंतींमुळे उन्हाळ्यात गारवा, निसर्गाचा एसी. सगळी कुटुंबं एका चौकाभोवती, त्यामुळे माणसं एकमेकांशी बांधलेली. आजच्या फ्लॅटमध्ये हे नाही. सगळे वर बघत होते. कॅमेरा खटाखट चालला होता.

मी म्हटलं, ‘बांधलेली म्हणजे नळाला बांधलेली.’

म्हणायचं नव्हतं. घंटा वाजली.

सगळे माझ्याकडे बघायला लागले, तेव्हा मग सांगितलं. नाशिक नव शिखरांवर वसलं म्हणून नाशिक, असं म्हणतात. त्यातल्या एका शिखरावर मी रोज दोन हंडे आणि एक कळशी घेऊन चढत होते. चौकात एक नळ, घरं पाच. पाणी पहाटे चारला यायचं आणि साडेपाचला जायचं. चढावर प्रेशर नाही, म्हणून नळाची तोटी काढून, जमिनीत खड्डा करून, खाली बसून भरायचं. नंबर ठरलेले. कोणी आजारी पडलं, कोणाची सून बाळंत झाली की नंबर सरकायचे, आणि एकदा सरकलेला नंबर परत मिळवायला भांडावं लागायचं. भरलेला हंडा सतरा पायऱ्या वर. जिना भिंतीतला, अंधारा, एका वेळी एकच माणूस. वरून कोणी उतरत असेल तर हंड्यासकट मागे पाय टाकत खाली. तक्तपोशी सुंदर आहे, खरं आहे. तिच्यातून माती गळायची, म्हणून मी चुलीवर जुनं पातळ बांधून ठेवलं होतं. दर दिवाळीला ते सोडलं की अडीच शेर माती निघायची. भिंती पांढरीच्या मातीच्या, गारवा असायचाच. पण तो गारवा उपभोगायला दुपारी कोणी ओसरीवर लोळत असेल तर ते सासरे.

दोघी मुली हसल्या. मुलगा हसला नाही. त्यानं सॅकमधून वही काढली आणि ‘तोटी काढून’ असं लिहून घेतलं. त्याचं मला तेव्हा बरं वाटलं नाही. मी रागानं बोलले होते, आणि हा टिपून घेत होता.

तिथून माझ्या हिशेबानं आमचा रस्ता उजवीकडे, मेन रोडला. तो डावीकडे वळला. काझीपुरा, चौक मंडई, कोकणीपुरा. मी क्षणभर थांबलेच. भीती नव्हती. पाय तिकडे वळलेच नव्हते कधी, एवढंच. आमच्या घरातल्या बायकांचा नकाशा ठरलेला होता. एका बाजूला गंगा, एका बाजूला मेन रोड, एका बाजूला भद्रकालीचं देऊळ, आणि चौथ्या बाजूला दूधबाजार. त्याच्या पलीकडे ‘तिकडे कशाला जायचंय?’ हा प्रश्न सासूबाईंनी मला नव्या सुनेला विचारला, मी माझ्या मुलीला विचारला. आमच्या वाड्यापासून कोकणीपुरा चालत दहा मिनिटं नाही. सिन्नर तीस किलोमीटर. मी सिन्नरला शेकडो वेळा गेले.

मुलगा सांगत होता, मोगलांच्या काळात या गावाचं नाव गुलशनाबाद होतं. त्या काळातल्या वस्त्या याच बाजूला जास्त. कोकणातून आलेले कोकणी मुसलमान, भाताचा व्यापार करणारे. पलीकडे बागवानपुरा, पिंजारघाट, बडी दर्गा. सारडा सर्कलच्या इमामशाहीत मोहरमला अळिवाचा ताजिया करतात. बांबूच्या सांगाड्यावर ओला कापूस, त्यावर अळीव पेरायचं, आणि ते उगवून सगळा ताजिया हिरवागार होतो. अळिवाचे लाडू मी दोन्ही बाळंतपणांत खाल्ले. पेरून त्याचा ताजिया करतात हे मला साठी उलटल्यावर कळलं, तेही घरापासून हाकेच्या अंतरावर उभं राहून.

कोकणीपुऱ्यात एका घराचं दार उघडं होतं. आधी बोलणं झालेलं असणार, कारण आत सतरंजी अंथरलेली होती. मी आत पाऊल टाकलं आणि बघतच राहिले. देवडी. चौक. सागवानी खांब, माथ्यावर तेच केळफूल. भिंतीतला अंधारा जिना. तक्तपोशीखाली, चुलीच्या जागी, कापड बांधलेलं. हिरवं होतं, एवढाच फरक. त्याच सुतारांनी, किंवा त्यांच्याच शाळेत शिकलेल्यांनी केलेलं काम. मला वाटलं, या जिन्याला पायऱ्या सतरा असणार. सगळे चहा घेत होते तेव्हा मी हळूच मोजल्या. पंधरा.

घरातल्या बाई माझ्याच वयाच्या. डोक्यावरचा पदर सारखा करत त्यांनी विचारलं, ‘तुम्ही कुठल्या?’

‘तिवंध्याच्या. होते.’

‘मग शेजारच्याच की. कधी दिसला नाहीत.’

यावर काय बोलणार? मी चौकात पाहिलं. कोपऱ्यात नळ, आणि नळाखाली सिमेंटनं बुजवलेल्या खड्ड्याची गोल खूण. मी विचारलं, ‘पाणी किती वाजता यायचं?’

‘चारला. पण धार कुठे असायची? तुमच्याकडून आलं तर आमच्याकडे.’

‘आमच्याकडे म्हणायचे, सगळं पाणी कोकणीपुऱ्यात जातं.’

त्या एवढ्या मोठ्यानं हसल्या की स्पीकरवाला मुलगा बोलायचा थांबला. ‘आणि इथं काय म्हणायचे माहितीये? तिवंध्यावाले मोटर लावतात.’

मी चहाचा घोट घेतला. मुलींनी विचारलं, कसली मोटर? त्या बाईंनी समजावून सांगितलं. नळाला पाइप जोडून छोटी मोटर लावली की लायनीतलं पाणी ओढून घेता येतं, पुढच्यांना मग धार नाही. मनाई होती. पकडले तर कनेक्शन तोडायचे. पण पहाटे चारला पकडायला कोण येतंय?

निघताना त्यांनी माझा हात धरला. ‘वाडा आहे का तुमचा?’ मी म्हटलं, पडला. त्या म्हणाल्या, ‘आमचाही निघणार. मुलगा वडाळ्याकडे फ्लॅट बघतोय. लिफ्ट आहे.’ लिफ्ट हा शब्द त्यांनी ज्या आवाजात उच्चारला, तो मला अगदी नीट कळला.

शेवटचं ठिकाण काझीची गढी. पांढऱ्या मातीचा तो उंच कडा, खाली नदी, वर अगदी काठावर घरं. १९५०-५१ साली डॉ. हसमुख सांकळिया आणि शां. भा. देव यांनी नाशकातल्या जुन्या मातीच्या गढीवर उत्खनन केलं, तेव्हा खाली एकावर एक वस्त्यांचे थर निघाले, सातवाहनांच्या काळातले आणि त्याहून आधीचेही. दोन हजार वर्षांहून जास्त काळ माणसं इथे राहिली, घरं पडली, त्याच मातीवर पुन्हा बांधली. मुलगा हे फार छान सांगत होता. कड्यात अडकलेलं खापर दाखवत होता. आमच्यातल्या कोणीतरी वरच्या घराचा फोटो घेतला. अर्धी भिंत गेलेली, निळी ताडपत्री लावलेली. पावसाळ्यात हा कडा ढासळतो आणि दरवर्षी वर राहणाऱ्यांना हलायला सांगतात.

वरून एक दहा-बारा वर्षांचा मुलगा ओरडला, ‘आमचं घर पडलेलं बघायला आलाय का?’

कोणी उत्तर दिलं नाही. कॅमेरा खाली झाला. सांगणाऱ्या मुलाचा चेहरा उतरला. मला वाटतं, हा प्रश्न त्याला दर रविवारी कोणी ना कोणी विचारत असणार. तो पोराला म्हणाला, ‘नाही रे. खालची माती बघायला आलोय.’ पोरगा म्हणाला, ‘मातीच पडते ना.’

परत येताना गायधनी लेनमधल्या विजयानंदवरून गेलो. २१ डिसेंबर १९०९ला तिथे शारदा नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. मुलानं पाच मिनिटं सांगितलं, चांगलं सांगितलं, पण माझं लक्ष नव्हतं. डोक्यात ते पोर होतं, आणि मोटर होती.

भद्रकालीत मिसळ खायला बसलो. तीनशे रुपयांत ती धरलेली होती हे मला माहीत नव्हतं, नाहीतर सकाळपासून थोडं कमी कुरकुरले असते. मुलगा माझ्यासमोर येऊन बसला. पावाचा तुकडा मोडत म्हणाला, ‘काकू, एक विचारू? दर महिन्याला दोन वॉक असतात. त्या वाड्यात तुम्ही दहा मिनिटं बोलाल का? तोटीचं, नंबरांचं. मला ते सांगता येणार नाही. मी सांगितलं की ते निसर्गाचा एसी होऊन जातं.’

मी म्हटलं, बोलेन. पण कोकणीपुऱ्यातल्या बाईंनाही विचार. त्यांनी त्यांच्या चौकात सांगायचं, मी माझ्या. लिफ्टच्या फ्लॅटमध्ये जायच्या आत विचार.

त्यानं लगेच वही काढली. ‘आणि ती मोटर? ती खरी होती का नुसतीच अफवा?’

१९९४ची गोष्ट. अर्ध्या एचपीची, भद्रकालीतल्याच एका दुकानातून, हप्त्यावर घेतलेली. आवाज होऊ नये म्हणून खाली गोधडी घालायचो. गोधडी माझ्याच हातची.

मी त्याला म्हटलं, ‘त्याचं काय सांगायचं, ते ठरवायला मला जरा वेळ दे.’